कॅप्टनपद आधी सोड, जर्सी नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. करवीर तालुक्यातला २९ वर्षांचा गडी. सहा वर्षं जिल्ह्याच्या रग्बी संघाचा कॅप्टन, दोनदा महाराष्ट्राच्या संघात. तीन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालंय. गेल्या सीझनला डोक्याला दोनदा मार बसला आणि त्यातल्या एका वेळी तो तसाच खेळत राहिला, पण पुढच्या दहा मिनिटांत काय झालं ते त्याला आजही आठवत नाही. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत शिफ्टची नोकरी, घरात दोन वर्षांची मुलगी. बायको म्हणते बास झालं, पोरं म्हणतात अजून एक सीझन. "सर, सोडू का? सोडलं तर कोचिंगवर घर चालेल का? मोठमोठे कॅप्टन रिटायर झाल्यावर काय करतात? आणि पोरं म्हणताहेत की माझी ७ नंबरची जर्सी कायमची बंद करायची. बरं दिसेल का ते?"

तुला अहो-जाहो करत नाही भावा, माझ्या पहिल्या बॅचमधली पोरं आता तुझ्याच वयाची आहेत. मी पेठेतल्या फुटबॉलमधून आलेला. बी.पी.एड.साठी पुण्यात गेलो, तिथं हातात पहिल्यांदा तो लांबट बॉल आला, आणि मग तिथल्याच एका क्लबचा पाच वर्षं कॅप्टन होतो. ३२ व्या वर्षी खांदा तिसऱ्यांदा निखळला तेव्हा थांबलो. त्यानंतर कोल्हापुरात परत येऊन चौदा वर्षं शाळेत पीटी शिकवतोय आणि, पहिली दोन वर्षं सोडली तर, संध्याकाळी रग्बी. म्हणजे तू ज्या उंबऱ्यावर उभा आहेस तो मी ओलांडलाय, आणि बऱ्यापैकी वाईट पद्धतीनं ओलांडलाय. त्याचं पुढे सांगतो.

तुझ्या चार प्रश्नांपैकी "सोडू का" याचं उत्तर तुझ्याकडं आहेच. नाहीतर मुलीचं वय लिहिलं नसतंस. तुला भीती वेगळ्याच गोष्टीची आहे. सहा वर्षं गावात, कारखान्यात, लग्नकार्यात "हे आमचे कॅप्टन" अशी ओळख करून दिली गेली. ते गेल्यावर तुला काय म्हणून हाक मारायची, हे तुलाही कळेना झालंय. गुडघा आणि नोकरी हे त्याच्या भोवतीचं आहे.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, ते आधी कबूल करतो. गुडघा अजून एक सीझन काढेल का, हे मी इथं बसून सांगू शकत नाही. ऑपरेशननंतर नऊ महिने दम धरलेला का, मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या बरोबरीला आली का, हे तुझा फिजिओ मोजून सांगेल. मी पोरांना एक साधी खूण विचारतो: सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजतो का, आणि जोतिबाच्या पायऱ्या उतरताना कठड्याला हात लागतो का? चढताना नव्हे, उतरताना. दोन्हीला "हो" असेल तर गुडघा तुला सीझनच्या मध्यात सोडणार, मार्चपर्यंत नेणार नाही. सेव्हन्स (सात-सात जणांची रग्बी) खेळतोस की फिफ्टीन्स (पंधरा-पंधरा जणांची), यानंही फरक पडतो. सात-सात मिनिटांचे दोन हाफ म्हणजे सोपं, असं लोकांना वाटतं. पण सेव्हन्समध्ये मैदान तेवढंच आणि माणसं निम्मी. वळणं आणि एकदम थांबणं जास्त, आणि तुझ्या गुडघ्याला मारतं ते तेच.

डोक्याचं मात्र कशावरही अवलंबून नाही. तिथं मी "बघू" म्हणत नाही. दहा मिनिटं आठवत नाहीत आणि तू त्या सामन्यात खेळत राहिलास, हे तू अगदी सहज लिहून गेलास. जगभर आपल्यासारख्या हौशी रग्बीत आता नियम एकच आहे: डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी खेळाडू बाहेर, त्या दिवशी परत आत नाही, आणि पुढचं पुनरागमन पायरीपायरीनं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वेल्सचा कॅप्टन राहिलेला रायन जोन्स. २००८ साली वेल्सनं ग्रँड स्लॅम मारला, म्हणजे सहा देशांच्या स्पर्धेतले सगळे सामने जिंकले, तेव्हा संघ त्याच्या हाताखाली होता. २०२२ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, त्यानं जाहीर केलं की त्याला स्मृतिभ्रंशाचं निदान झालंय. इंग्लंडचा स्टीव्ह थॉम्पसन २००३ चा वर्ल्ड कप जिंकलेल्या संघात हुकर होता. तो सामना जिंकल्याचं त्याला आठवत नाही, हे त्यानं स्वतः सांगितलंय. हे तुला घाबरवायला सांगत नाही. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढचा सीझन, कॅप्टन म्हणून काय आणि साधा खेळाडू म्हणून काय, धरूच नकोस. गुडघा फाटला तर ऑपरेशन आहे. डोक्याला तसं काही नाही.

आता माझं खरं म्हणणं. तू "सोडणं" म्हणतोयस ती एक गोष्ट नाही, दोन आहेत. कॅप्टनपद सोडणं वेगळं, खेळ सोडणं वेगळं. बहुतेक जण दोन्ही एकाच दिवशी सोडतात आणि मग दोन्ही दुःखं एकदम अंगावर येतात. डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला तर मी सांगेन की येत्या सीझनला कॅप्टनपद सोड आणि एक वर्ष साधा खेळाडू म्हणून खेळ. मग जर्सी उतरव. डॉक्टर नाही म्हणाले तर खेळ आजच बंद. पण तेव्हाही कॅप्टनपद कुणाच्या हातात द्यायचं ते तू ठरवून, मैदानावर उभा राहून दे. फोनवरून देऊ नको.

कारण सांगतो. कॅप्टनचं शरीर इतरांपेक्षा लवकर झिजतं, आणि याचं कारण टॅकलची संख्या नाही. कॅप्टन बाहेर येत नाही. प्रॉपला दम लागला तर तो हात वर करतो, विंगरच्या पायात गोळा आला तर तो खाली बसतो. कॅप्टन बसला तर सगळे बघतात, म्हणून तो बसत नाही. रेफरीशी बोलायचा हक्कही फक्त त्यालाच असतो, त्यामुळे डोकं गरगरत असलं तरी तो रेफरीसमोर शुद्धीत असल्यासारखा उभा राहतो. तुझी दहा मिनिटं अशीच गेलेली आहेत, मी तिथं नव्हतो तरी पैज लावून सांगतो. माझ्या पोरांत मी एक नियम केलाय: कॅप्टनला बाहेर काढायचं की नाही, हे कॅप्टनला विचारायचं नाही. पहिल्या वर्षी यावरून भांडणं झाली, एका मुलाचे वडील मैदानात येऊन मला बोलून गेले. आता कुणी काही म्हणत नाही.

मोठ्या कॅप्टनांचं विचारलंस ना, त्यातला एक तुझ्या खूप जवळचा आहे. सप्टेंबर २०१५, वर्ल्ड कप इंग्लंडमध्ये. तारीख १९, ब्रायटन. जपान दक्षिण आफ्रिकेपुढं २९–३२ असा मागं, शेवटची मिनिटं, आणि पेनल्टी मिळाली. किक मारली तर बरोबरी. जपानचा कॅप्टन मायकल लीच म्हणाला, किक नको, स्क्रम (दोन्हीकडचे आठ-आठ जण एकमेकांना भिडून बॉल काढतात तो). ट्राय झाली, म्हणजे बॉल रेषेपलीकडं टेकवला, जपान ३४–३२ नं जिंकलं आणि लीच देवमाणूस झाला. बरोबर सात दिवसांनी, म्हणजे २६ तारखेला, ट्विकनहॅमवर इंग्लंड वेल्सपुढं २५–२८ असं मागं. पुन्हा शेवटाकडं पेनल्टी, पुन्हा किक मारली तर बरोबरीची संधी. इंग्लंडचा कॅप्टन ख्रिस रॉबशॉ म्हणाला, किक नको, लाइनआउट (बाजूच्या रेषेवरून बॉल आत फेकतात तो). लाइनआउट फसला, सामना गेला. पुढं ऑस्ट्रेलियानंही हरवलं आणि यजमान गटातच बाहेर. निर्णय दोघांचा एकाच जातीचा. एकाला डोक्यावर घेतलं, दुसऱ्याला महिनाभर वर्तमानपत्रांनी सोलून काढलं.

मला रॉबशॉचं पुढचं आवडतं. नवा कोच आला, त्यानं जानेवारी २०१६ मध्ये कॅप्टनपद डिलन हार्टलीला दिलं. रॉबशॉचा तर नंबरही गेला. ७ ऐवजी ६ वर खेळवलं. गडी रुसून घरी बसला नाही. हार्टलीच्या हाताखाली खेळला, त्याच वर्षी इंग्लंडनं २००३ नंतरचा पहिला ग्रँड स्लॅम मारला आणि जूनमध्ये ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरी ३–० हरवलं. रॉबशॉचं ते वर्ष बघितलं की मला वाटतं, खांद्यावरचं ओझं उतरल्यावर माणूस किती मोकळा पळतो.

सॅम वॉरबर्टन तर हुबेहूब तुझ्यासारखा. तोही ७ नंबर, तोही २९. २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये २३ व्या वर्षी वेल्सचा कॅप्टन, सेमीफायनलला फ्रान्सविरुद्ध उचलून टाकलेल्या टॅकलवर लाल कार्ड, आणि वेल्स ८–९ नं हरलं. एवढं पचवून उभा राहिला. २०१७ च्या सुरुवातीला त्यानं वेल्सचं कॅप्टनपद अॅलन विन जोन्सकडं जाऊ दिलं, स्वतःच्या खेळावर लक्ष द्यायचं म्हणून. साधा खेळाडू म्हणून तो इतका चांगला खेळला की त्याच उन्हाळ्यात न्यूझीलंडला गेलेल्या लायन्सचा, म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडच्या एकत्रित संघाचा, कॅप्टन त्यालाच केलं. मात्र मान आणि गुडघा दोन्ही बिघडले होते. ऑपरेशनं झाली, आणि जुलै २०१८ मध्ये, २९ व्या वर्षी, त्यानं खेळ थांबवला. म्हणजे कॅप्टनपद सोडलं की शरीर वाचतंच असं मी म्हणत नाही. सोडण्याचा निर्णय आपल्या हातात राहतो, एवढंच.

तो हातात राहिला नाही तर काय होतं, हेही ऐक. दक्षिण आफ्रिकेचा कॅप्टन फ्रान्स्वा पिनार. १९९५ चा वर्ल्ड कप, मंडेला त्याच्याच ६ नंबरची जर्सी घालून मैदानात आले, ते चित्र तू पाहिलं असशील. २९ कसोटी खेळला, सगळ्या कॅप्टन म्हणून. पुढच्याच वर्षी त्याला संघातून वगळलं, आणि तो इंग्लंडमधल्या क्लबात निघून गेला. ज्यानं एक दिवसही साधा खेळाडू म्हणून काढला नाही, त्याला कॅप्टनपद गेल्यावर संघात उभं राहायला जागाच नव्हती, असं मला वाटतं. आयर्लंडचा पॉल ओ'कॉनेल २०१५ मध्ये कार्डिफला फ्रान्सविरुद्ध हाफटाइमच्या तोंडावर स्ट्रेचरवरून बाहेर गेला. मांडीमागचा स्नायू हाडापासून सुटला होता. फ्रान्समधल्या मोठ्या क्लबशी करार झालेला होता. तिथं एकही सामना न खेळता त्याला थांबावं लागलं.

माझं तर त्याहून साधं. खांदा निखळला तेव्हा मी झोळीत हात घालून दवाखान्यात, आणि क्लबनं दुसऱ्या दिवशी नवा कॅप्टन जाहीर केला. त्यांचं चुकलं असं नाही, रविवारी सामना होता. पण मला कुणी विचारलं नाही. हात बरा झाल्यावर मी सामना बघायला गेलो आणि साइडलाइनवरून ओरडत राहिलो. "ब्लाइंड साइड! अरे ब्लाइंड साइड!" हाफटाइमला नवा कॅप्टन, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, पाणी पीत पीत माझ्याकडं आला. म्हणाला, "दादा, दोघं बोललं की पोरांना कुणाचं ऐकायचं कळत नाही." एवढंच. आवाज चढवला नाही, उलट ओशाळलाच होता तो. मी दुसरा हाफ बघितला नाही. त्या दिवशी पुण्याहून कोल्हापूरपर्यंत एसटीत मी एक शब्द बोललो नाही, आणि पुढं दोन वर्षं रग्बीचा बॉल हातात घेतला नाही. शाळेत फुटबॉल घ्यायचो, खो-खो घ्यायचो, रग्बी नाही. ती दोन वर्षं वाया गेली असं मी आज म्हणतो. कुणाचा राग होता हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. त्या पोराचा नव्हता.

म्हणून माझ्याकडं आता पद्धत अशी आहे की कॅप्टनला मी शेवटच्या सीझनच्या आधी उतरवतो. एक हुकर होता, गारगोटीकडचा. त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला, आठवडाभर बोलला नाही. मग त्याला काम दिलं: नव्या कॅप्टनला सामन्यात काहीही सांगायचं नाही, सामना संपल्यावर फक्त दोन गोष्टी सांगायच्या. दोनच. तिसरी सुचली तर पुढच्या सामन्यापर्यंत तोंडात ठेवायची. त्या सीझनला तो जन्मात खेळला नसेल असा खेळला. आज तो रेफरी आहे, आणि माझ्याच पोरांविरुद्ध पेनल्टी देताना त्याला काहीही वाटत नाही.

आपल्या कोल्हापुरात एक गोष्ट चांगली आहे आणि तीच रग्बीत नाही. कुस्ती सुटली तरी पैलवान तालमीतून जात नाही. पहाटे कट्ट्यावर बसतो, आखाड्यातल्या पोरांना नुसतं "हं" म्हणतो, आणि वस्ताद होतो. त्याला बसायला जागा आहे, नाव आहे, मान आहे. पेठेतला फुटबॉलवालाही म्हातारा झाला तरी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर त्याची जागा ठरलेली असते, आणि पोरांना शिव्या द्यायचा हक्कही. रग्बी आपल्याकडं नवी. आपल्या खेळाला अजून कट्टाच नाही. तुझ्या पिढीला तो बांधावा लागणार, तोवर थोडं उघड्यावर बसायची तयारी ठेव.

आता पैशांचं. कोचिंगवर घर चालेल का? कोल्हापुरात, नुसत्या रग्बीच्या कोचिंगवर, नाही. कुणी चालतं म्हणालं तर त्याला त्याचा महिन्याचा हिशोब विचार. चालतं ते असं: शाळेत किंवा कॉलेजात पीटीची नोकरी, आणि रग्बी त्यात. त्यासाठी पदवी आणि त्यावर बी.पी.एड. लागतं, ते आता दोन वर्षांचं आहे. फाउंड्रीतली शिफ्ट सांभाळून ते होईल का, हे तुझ्या मालकावर आणि बायकोवर अवलंबून. त्याच क्रमानं नव्हे. लीगचं स्वप्न असेल तर तेही सांगून टाकतो. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत सहा संघांची सेव्हन्सची फ्रँचायझी लीग झाली, पोरांच्या डोळ्यांत चमक आली, मलाही बरं वाटलं. पण ती विशीतल्या पायांसाठी आहे. तुझ्या गुडघ्यासाठी नाही.

सरकारी नोकरीत खेळाडूंना महाराष्ट्रात ५ टक्के आरक्षण आहे. तुझ्या राज्याच्या संघातल्या प्रमाणपत्रांचा तिथं उपयोग होतो का, हे कुठल्या स्पर्धा कुठल्या वर्गाच्या पदाला धरतात त्यावर ठरतं, आणि शासन निर्णय बदलत असतात. म्हणून मी "होईल" म्हणत नाही. पण विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून प्रमाणपत्राची पडताळणी आत्ताच करून घे. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं निघाल्यापासून तिथं कागद बारकाईनं बघतात, आणि जाहिरात आल्यावर पळापळ करणाऱ्याचं काम होत नाही. माझ्या एका मुलाकडं मूळ प्रमाणपत्रच नव्हतं, लॅमिनेशन करायला दिलं होतं आणि दुकानदारानं हरवलं. झेरॉक्सवर कुणी विश्वास ठेवला नाही.

कोल्हापूरची उदाहरणं घरात ऐकत असशील: विरधवल खाडे तहसीलदार झाला, राही सरनोबत उपजिल्हाधिकारी. ते ऐकून हुरळू नको आणि खचूही नको. ती वैयक्तिक खेळातली आंतरराष्ट्रीय पदकं होती, आपला खेळ संघाचा. आणि पदकानं सगळं आपोआप होतं असंही नाही. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन माणूस परत आला, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि पोलिसात सब-इन्स्पेक्टरची नोकरी लागली ती १९५५ साली. मिरवणूक आणि पगार यांच्यात तीन वर्षं होती.

कोचिंगचं आणखी एक. चांगला कॅप्टन म्हणजे चांगला कोच, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय आणि ते खरं नाही. मार्टिन जॉन्सननं २००३ चा वर्ल्ड कप इंग्लंडला जिंकून दिला. २००८ मध्ये कोचिंगचा काहीच अनुभव नसताना त्याला इंग्लंडचा मॅनेजर केलं, आणि २०११ च्या वर्ल्ड कपनंतर त्याला राजीनामा द्यावा लागला. ओ'कॉनेलनं आधी लहान जागी कोचिंग केलं आणि मग २०२१ मध्ये आयर्लंडच्या फॉरवर्ड्सचा कोच झाला, ते जमलं. कॅप्टन स्वतः करून दाखवतो. कोचला बारा वर्षांच्या पोराला टॅकलमध्ये डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं हे चाळीस वेळा, तेच तेच, न चिडता सांगावं लागतं. डोकं समोरच्याच्या पाठीमागच्या बाजूला, आपला गाल त्याच्या कुल्ल्याशी. मी हे वाक्य किती हजार वेळा म्हटलं असेल देव जाणे. तुला ते कंटाळवाणं वाटत असेल तर कोचिंग तुझं नाही, आणि त्यात कमीपणा नाही.

मग रेफरी होऊन बघ. कॅप्टनला नियम पाठ असतात आणि सहा वर्षं तू रेफरीशी हुज्जत घातलीच आहेस, आता दुसऱ्या बाजूनं बघ. वर्ल्ड रग्बीचे ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहेत, रात्रपाळीच्या आधी तासभर काढलास तरी दोन महिन्यांत पुरे होतील. कोच आणि रेफरी दोन्हींचा पहिल्या पातळीचा कोर्स कर, मग ठरव. हे खेळ चालू असतानाच कर. न्यूझीलंडचा रिची मॅकॉ १४८ कसोटी खेळला, त्यातल्या ११० कॅप्टन म्हणून, दोन वर्ल्ड कप उचलले, आणि २०१५ मध्ये थांबल्यावर हेलिकॉप्टर चालवायला लागला. लोकांना ते अचानक वाटलं. पण विमान उडवायला तो खेळत असतानाच शिकला होता. २०१३ मध्ये तर त्यानं मुद्दाम सहा महिने रग्बीतून सुट्टी घेतली. (त्याचं एकच घेऊ नको: २०११ ची फायनल तो मोडक्या पायानं खेळला, ती गोष्ट पोरं मला छाती फुगवून सांगतात. तो पाय त्याचा होता, मागं अख्ख्या देशाचे डॉक्टर उभे होते. तुझ्यामागं ईएसआयचं कार्ड आहे.) त्याच्याही आधीचा न्यूझीलंडचा कॅप्टन डेव्हिड कर्क. १९८७ चा पहिला वर्ल्ड कप उचलला तेव्हा डॉक्टर होऊन बसला होता, आणि २६ व्या वर्षी देशाचा संघ सोडून ऑक्सफर्डला शिकायला गेला. खेळ सुटेल त्या दिवसासाठी दोघांचं दुसरं काम तयार होतं.

शरीराचं थोडक्यात, कारण हे तुला फिजिओ सांगेलच. व्यायाम थांबतो, भूक थांबत नाही. पहिल्या वर्षात माझं वजन अकरा किलोनं वाढलं, आणि खांद्यापेक्षा जास्त त्रास त्या वजनानं गुडघ्यांना दिला. गंगावेशच्या दूध कट्ट्यावर सकाळी अर्धा लिटर पिणं हे टॅकल करणाऱ्याला शोभतं, स्कोअरबोर्ड बघणाऱ्याला नाही. मांडीचा व्यायाम आयुष्यभर सोडू नको, ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला तोच आधार.

घरी काय बोलायचं? बायकोला "अजून एकच सीझन" असं म्हणू नको, ते वाक्य तिनं आधी ऐकलंय. डॉक्टरांकडं जाताना तिला बरोबर ने. दहा मिनिटांची गोष्ट तिच्यासमोर सांग, माझ्यासारख्या अनोळखी माणसाला लिहिण्याआधी तिला सांगितली असतीस तर बरं झालं असतं. आणि संघातल्या पोरांना तू सांगायच्या आधी नव्या कॅप्टनला सांग, एकट्याला, मैदानाबाहेर. टॉस करायला पहिल्या सामन्यापासून त्याला पाठव. तेव्हा तू बूट बांधत बस, वर बघू नको.

राहिला जर्सीचा प्रश्न. पोरांचं प्रेम आहे, पण त्यांना समजावून सांग की रग्बीत नंबर माणसाचा नसतो, जागेचा असतो. फिफ्टीन्समध्ये ७ म्हणजे ओपनसाइड फ्लँकर, उद्या तिथं जो उभा राहील त्याची ती जर्सी. बंद केली तर पुढच्या सामन्याला फ्लँकरला काय घालायला देणार? एखादा जुना सामन्याचा शर्ट घरी ठेव, मुलगी मोठी झाल्यावर बघेल. ७ नंबर नव्या पोराला दे. पण आधी धुवून दे. राज्य स्पर्धेनंतर कोल्हापूरपर्यंत ती बॅगेत तशीच येते, हे मला माहीत आहे.